नट दोन फेरे जातो आणि अडकतो: छोट्या लेथवर चेंज गिअर कुठे चुकले ते कसं शोधायचं

"मामा, नट दोन फेरे जातंय, पुढं घट्टच होतंय बघा." बेळगावच्या उद्यमबागेतली शेड असो, मच्छे असो, नाहीतर चिकोडी-संकेश्वरच्या रस्त्याकडेचं एका लेथचं दुकान असो, हे वाक्य ऐकलं नाही असा टर्नर सापडायचा नाही. त्यावरचा इलाजही ठरलेला: अजून एक पास मार, म्हणजे टूल आट्यावरून आणखी एकदा, थोडं खोल फिरव. पास मारला की नट अर्धा फेरा पुढं सरकतो. आणखी एक मारला की आणखी थोडा. शेवटी नट बसतो, गिऱ्हाईक पैसे देऊन जातं, आणि भार पडला की आटे सोलून तोच शाफ्ट परत दारात येतो.

पिच, म्हणजे एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंतचं अंतर, चुकलेली असेल तर आटा कितीही खोल करा, ती सुधारत नाही. आट्याची भिंत तेवढी पातळ होते. नटात सहा-सात आटे असले तरी भार घेतो एखाद-दुसराच, बाकीचे नुसते हवेत. म्हणून नट जबरदस्तीने बसवायच्या आधी थांबा. अडचण टूलमध्ये नाही, खोलीतही नाही. ती डाव्या हाताच्या झाकणाआड, चेंज गिअरमध्ये आहे, म्हणजे जॉब एक फेरा फिरला की टूल किती सरकेल ते ठरवणाऱ्या गिअरमध्ये.

आधी एवढं ओळखा. नट सुरुवातच धरत नसेल तर बाहेरचा व्यास जास्त आहे किंवा आटा उथळ आहे. गिअरला हात लावू नका. नट सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच घट्ट जात असेल तर खोली थोडी कमी आहे, नाहीतर ५५ अंशाच्या आट्याला ६० अंशाचं टूल लावलंय. बीएसपी (पाइपाचे इंची आटे) आणि व्हिटवर्थ (बोल्टाचे जुने इंची आटे) ५५, मेट्रिक ६०. टूलचा कोन तपासायचा सेंटर गेज कुठला हातात आहे ते बघा. सैल-घट्ट, सैल-घट्ट असं होत असेल तर तो वेगळा आजार, त्याकडे शेवटी येतो. पण सुरुवातीला छान जाऊन मग दर फेऱ्याला घट्ट होत जात असेल, तर ती पिचची चूक. एका आट्याला दिसत नाही इतका फरक, पण तो साठत जातो. नट जसा आत जातो तसे जास्त आटे एकमेकांत गुंततात आणि फटीतली सगळी जागा खाऊन टाकतात.

आपल्या भागात हे वारंवार होतं, कारण कामच मिश्र. हायड्रॉलिकचं काम मेट्रिक. गुऱ्हाळाच्या जुन्या चरकाचा शाफ्ट इंचातला. बोअरच्या मोटारीचं आणि पाइपलाइनचं फिटिंग बीएसपी, म्हणजे तेही इंचातलं. १९५६ च्या कायद्याने देशात मेट्रिक मापं आणली, पण पाइपाचे आटे आजही इंचावरच मोजले जातात. त्यात लेथ बहुतेक सेकंडहँड. बटाल्याचा किंवा राजकोटचा माल, आधी शिरोलीत नाहीतर इचलकरंजीत चाललेला, मग इकडे आलेला. येता येता दोन गिअर हरवतात, त्यांच्या जागी दुसऱ्या मशीनचे येतात, आणि झाकणाच्या आतली आट्यांची पट्टी, म्हणजे कुठल्या आट्याला कुठले गिअर ते सांगणारा तक्ता, एकतर घासून गेलेली असते किंवा भलत्याच मॉडेलची. त्या पट्टीवर आंधळा विश्वास ठेवणं ही निम्म्या तक्रारींची मुळी आहे.

चुकलेला आटा फेकू नका, मोजा

बहुतेक जण नट अडकला की गिअर उतरवून परत पहिल्यापासून बसवतात. आणि त्याच पट्टीवरून बसवतात, म्हणजे चूकही परत तीच. त्याऐवजी चुकलेली पिच नेमकी किती आली ते काढा आणि तिला हव्या असलेल्या पिचने भागा. जो आकडा येतो तोच कुठला गिअर चुकला ते सांगतो. माझ्या मते लेथच्या दुकानात आट्यावर टेकवून पिच ओळखायच्या पिच गेजपेक्षा साधा कॅल्क्युलेटर जास्त कामाचा.

मोजायचं कसं? पिच गेजने नाही. १४ टीपीआयची, म्हणजे इंचाला १४ आट्यांची, पिच १.८१४ मिमी आणि मेट्रिक १.७५, एका आट्याला फरक ०.०६ मिमीच्या आसपास. तेलकट, चार-पाच आट्यांच्या तुकड्यावर गेज दोन्हीकडे बसल्यासारखं वाटतं. कॅरेज, म्हणजे टूल घेऊन सरकणारा भाग, किती सरकतो तेच मोजा. मेन स्विच बंद. बेल्ट सैल करा म्हणजे जॉब धरणारा चक हाताने फिरेल. हाफ नट (कॅरेजला तिला ओढणाऱ्या आटेदार दांड्याशी जोडणारा नट) लावा, चक कापायच्या दिशेने दोन-तीन फेरे फिरवून सगळी ढिलाई काढून घ्या. मग चकवर खडूची रेघ, बेडवर कॅरेजच्या कडेला टोकदार पेन्सिलीची रेघ. चक २० फेरे फिरवा, एकदाही मागे न घेता. परत रेघ मारा. दोन रेघांमधलं अंतर भागिले २०.

एम २० ला, म्हणजे २० मिमी व्यासाच्या मेट्रिक आट्याला, २.५ ची पिच हवी, म्हणजे अंतर ५० मिमी यायला हवं. ५२.९ आलं तर साध्या स्टीलच्या पट्टीवरही ते लपत नाही. २० फेऱ्यांचा हाच फायदा.

१.०५८ आला तर

हा आकडा इतक्या वेळा येतो की तो पाठच करावा. ५२.९ भागिले ५० म्हणजे १.०५८. याचा अर्थ बहुतेक वेळा एकच: तुमचा लीड स्क्रू, म्हणजे कॅरेज ओढणारा लांब आटेदार दांडा, इंचातला आहे आणि गिअर मेट्रिक लीड स्क्रूच्या हिशोबाने लावलेत.

या आकाराच्या लेथवर लीड स्क्रू दोन प्रकारचे भेटतात. एक इंचाला ४ आटे, म्हणजे ६.३५ मिमी पिच. दुसरा ६ मिमी पिचचा. डोळ्यांना दोन्ही सारखेच. ६.३५ ला ६ ने भागा, १.०५८.

याची खूणही मजेशीर आहे. ६ मिमीच्या लीड स्क्रूची गिअरची पट्टी ४ टीपीआयच्या मशीनवर वापरली की मेट्रिक आटा थेट इंचाचा होऊन बाहेर पडतो. २४ ला पिचने भागा, तितके टीपीआय. १.५ ची पिच लावली तर १६ टीपीआय, २ ची लावली तर १२, ३ ची लावली तर ८. १.५८७५, २.११७, ३.१७५, सगळे नेमके. म्हणून एखाद्या दुकानात "३ ची पिच काढली तर नवा नट बसत नाही, पण आटे जुन्या चरकाच्या एक इंची बोल्टाशी मिळतात" असं कुणी सांगितलं तर हसू नका. एक इंची व्हिटवर्थला ८ च टीपीआय असतात. त्या माणसाने आजाराचं नाव सांगितलेलं असतं, त्याला ते माहीत नसतं एवढंच.

लीड स्क्रू मोजायला टेलस्टॉकच्या, म्हणजे उजव्या टोकाच्या, बाजूचा, कमी झिजलेला भाग निवडा. आधी डिझेलच्या फडक्याने पुसा. शेजारी फाउंड्री असेल तर बिडाची काळी भुकटी आट्यांच्या तळाशी दगडासारखी बसलेली असते आणि व्हर्नियरचा जबडा नीट टेकत नाही. एका आट्याच्या कडेपासून दहाव्या पुढच्या आट्याच्या त्याच बाजूच्या कडेपर्यंत मोजा. ६० आलं तर ६ मिमी, ६३.५ आलं तर ४ टीपीआय. साडेतीन मिलिमीटरचा फरक आहे, इथे वाद होत नाही.

लीड स्क्रू ४ टीपीआयच निघाला, पट्टीही त्याचीच आहे, तरी १.०५८ च येतंय? मग १२७ दात्यांचा गिअर मोजा. हो, खडूने पहिला दाता रंगवून एकेक मोजा. तिथे १२० चा बसलेला असतो. १२७ भागिले १२० हेही बरोबर १.०५८ च. दोन्ही आकडे एक येणं हा योगायोग नव्हे. एक इंच म्हणजे २५.४ मिमी, आणि १२७ म्हणजे त्याची पाचपट. ४ टीपीआयच्या मशीनवर १२७ ऐवजी १२० लावणं म्हणजे लीड स्क्रू ६ मिमीचा आहे असं गिअरला खोटं सांगणं. मोजायला हेल्परला बसवलं तर शेजारी गप्प बसा. तो कन्नडमध्ये मोजतो, आपण मध्येच मराठीत काहीतरी बोलतो आणि शंभरच्या पुढे दोघांचाही घोळ होतो.

उलट ०.९४५ आला तर उलटी गोष्ट: लीड स्क्रू ६ चा, पट्टी इंचाच्या मशीनची. आणि १.१२ आला तर १२० आणि १२७ चा जोडगिअर (एकाच खुंटीवर जोडलेले दोन गिअर) उलट बसलाय. चूक दोनदा लागली, म्हणून १.०५८ चा वर्ग.

१२७ नसेलच तर

१२७ ही मूळ संख्या, तिचे भाग पडत नाहीत. म्हणून दुसरे कुठलेही गिअर जोडून ती नेमकी मिळत नाही. पण जवळ जाता येतं, आणि दुकानाच्या कामाला ते बस होतं. ६३ दात्यांचा गिअर हा जुना तोडगा. ४ टीपीआयच्या लीड स्क्रूवर गुणोत्तर होतं ६३ गुणिले पिच, भागिले ४००. एम २० ला ६३ आणि ५० चालवणारे (फिरवणारे), ८० आणि १०० चालणारे (फिरवले जाणारे). फरक मीटरमागे पाव मिलिमीटरच्याही आत, सुमारे ०.१२५. पन्नास मिलिमीटरच्या आट्यात तो मायक्रॉनमध्ये मोजावा लागेल. छोट्या लेथवर १२७ चा मोठा गिअर झाकणात मावत नाही, तिथे ६३ च सोयीचा.

मेट्रिक, म्हणजे ६ मिमीच्या लीड स्क्रूवर एक इंची बीएसपी काढायचा असेल, ११ टीपीआय, आणि १२७ नसेल, तर २५ चालवणारा आणि ६५ चालणारा लावा. पिच येते २.३०८, हवी २.३०९. फिटिंगवर एक इंच लांब आटा असला तरी एकूण चूक दीड शतांश मिलिमीटर. सॉकेटला ते कळतही नाही. लीड स्क्रू किंवा मायक्रोमीटरसारखं काही बनवायचं असेल तर मात्र हा जुगाड नको.

गिअर नवा कापून घ्यायचा तर फक्त दाते सांगून भागत नाही. जुन्या गिअरचा बाहेरचा व्यास मोजा, दात्यांच्या संख्येत दोन मिळवून त्याने भागा. ४० दात्यांच्या गिअरचा व्यास ८४ आला तर मॉड्यूल, म्हणजे दात्याचं मेट्रिक माप, २. ८८.९ आला तर तो मॉड्यूल नाहीच, १२ डीपी आहे, म्हणजे दात्याचं इंचातलं माप. गोळा केलेल्या संचात हे दोन्ही सापडतात. ते एकमेकांत बसवले तर फिरतातही, पण घरघर करत, आणि महागाचे गिअर खातात. बोअर आणि चावीची खाच मोजून द्या, आणि दात्याचा कोन विचारला तर नमुन्यादाखल जुना गिअरच सोबत न्या.

दुप्पट, निम्मा, किंवा भलताच आकडा

बरोबर २ किंवा ०.५ आला तर चेंज गिअर बहुधा ठीक आहेत. गिअरबॉक्सवाल्या मशीनला लिव्हर चुकीच्या खाचेत आहे. साध्या मशीनला स्टड, म्हणजे चकच्या बाजूने फिरणारा पहिला चेंज गिअर बसतो तो दांडा, तपासा. आपण धरून चालतो की चकचा एक फेरा म्हणजे स्टडचा एक फेरा. बऱ्याच मशीनवर ते खरं, पण काही छोट्या मशीनवर आतल्या बाजूला निम्मा वेग झालेला असतो. चकवर आणि स्टडच्या गिअरवर खडूची खूण करून चक एकदा फिरवा. स्टडची खूण अर्ध्यातच थांबली तर मशीनचा तो स्वभाव आहे. सगळ्या हिशोबात २ धरायचे, संपलं.

भलताच आकडा आला, समजा २.२५, तर त्याचं वर्गमूळ काढा: १.५. तुमच्या गिअरमध्ये ६० आणि ४० ची जोडी असेल तर ती उलट बसलीय. चालवणारा आणि चालणारा अदलाबदल झाला की चूक नेहमी वर्गात येते. सूत्र साधंच आहे: चालवणाऱ्यांच्या दात्यांचा गुणाकार भागिले चालणाऱ्यांच्या दात्यांचा गुणाकार, बरोबर हवी ती पिच भागिले लीड स्क्रूची पिच. स्टडवरचा नेहमी चालवणारा, लीड स्क्रूवरचा नेहमी चालणारा. मधल्या एकाच खुंटीवर दोन गिअर जोडलेले असतील तर ज्याला स्टडचा गिअर फिरवतो तो चालणारा, त्याच्या बाजूचा चालवणारा. पट्टीवर वर-खाली लिहिलेलं असतं, ते वाचताना माणूस मशीनच्या कुठल्या बाजूला उभा आहे त्यावर सगळा घोळ होतो.

मधला एकटा गिअर, म्हणजे आयडलर, कितीही दात्यांचा असो, पिच बदलत नाही. तो जागा भरतो आणि दिशा फिरवतो. कुणी "मधला मोठा टाक, पिच वाढेल" म्हणालं तर मनातल्या मनात नमस्कार करा.

मात्र जोडगिअर आयडलरसारखा वागायला लागला तर मोठी फसगत होते. उदाहरण घेऊ. ६ मिमीचा लीड स्क्रू, ११ टीपीआय, या वेळी १२७ चा गिअर आहे. स्टडवर ४०, मधल्या खुंटीवर ११० आणि त्याला जोडून १२७, लीड स्क्रूवर १२०. पिच २.३०९ यायला हवी. आली बरोबर २.०. म्हणजे ०.८६६, आणि ११० भागिले १२७ ही तितकंच. काय झालं? लीड स्क्रूवरचा १२० बाहेरच्या बाजूला, १२७ च्या रेषेत सरकवायचा होता. वॉशर आत राहिला आणि तो ११० मध्येच अडकला. ४० ने ११० फिरवला, ११० ने १२०. १२७ नुसता शोभेला फिरतोय. झाकणात वाकून न बघता वरून पाहिलं तर सगळे गिअर फिरताना दिसतात, म्हणून शंका येत नाही. आकडा मात्र नाव घेऊन सांगतो. चुकीचं गुणोत्तर मधल्या जोडगिअरच्या गुणोत्तराइतकंच आलं की १२० चा वॉशर आधी बघायचा.

अशी मांडणी करताना गिअर एकमेकांना धडकतात का हेही आधीच कागदावर बघून घ्या. पहिल्या जोडीच्या दात्यांची बेरीज तिसऱ्या गिअरपेक्षा किमान पंधराने जास्त हवी, नाहीतर तिसरा गिअर स्टडच्या शाफ्टला घासतो. तसंच तिसऱ्या-चौथ्याची बेरीज दुसऱ्यापेक्षा. वरच्या उदाहरणात ४० आणि ११० म्हणजे १५०, १२७ पेक्षा २३ ने जास्त, मावतं.

पिच बरोबर, तरी आटा खराब

कॅरेजचं माप तंतोतंत आलं, पण दुसऱ्या पासला टूल पहिल्या खाचेत पडत नाही आणि आटे दुहेरी होतात. इथे गिअर निर्दोष आहेत. हाफ नट कधी उघडला ते आठवा. ४ टीपीआयच्या मशीनवर मेट्रिक आटा काढताना हाफ नट उघडायचाच नाही. एकदा लावला की आटा पूर्ण होईपर्यंत बंद. टूल बाहेर घ्यायचं, मोटार उलटी फिरवून मागे यायचं. इंचाचे आटे काढताना उघडता येतो, पण चेसिंग डायल, म्हणजे हाफ नट कधी लावायचा ते दाखवणारी तबकडी, बघून. अर्ध्या आणि पाऊण इंची बीएसपीला १४ टीपीआय, डायलची कुठलीही रेघ चालते. एक इंची आणि त्यापुढच्या बीएसपीला ११, आणि पाव इंची व तीन-अष्टमांश इंचीला १९. हे दोन्ही विषम, म्हणून आकडेवाल्या रेघेवरच हाफ नट लावायचा. ६ मिमीच्या लीड स्क्रूवर १, १.५, २ आणि ३ ची पिच असेल तर कुठेही लावा, कारण ६ ला त्यांनी पूर्ण भाग जातो. १.२५, १.७५ आणि २.५ ला जात नाही, तिथे उलट फिरवूनच मागे या.

उलट फिरवताना दोन गोष्टी. सिंगल फेज मोटार असेल तर ती पूर्ण थांबल्याशिवाय स्विच उलटा टाकू नका. कॅपॅसिटर-स्टार्ट मोटार वेगात असताना उलटा स्विच टाकला तर ती त्याच दिशेने चालत राहते, आणि टूल सरळ शोल्डरवर, म्हणजे जॉबच्या जाड पायरीवर, जातं. दुसरं, चक आट्यांवर बसणारा असेल तर उलट फिरताना सुटू शकतो. लॉक नसेल तर वेग अगदी कमी ठेवा. आणि पासच्या मध्येच लाइट गेली तर टूल आतच ठेवून चहाला जाऊ नका. टूल क्रॉस स्लाइडने बाहेर घ्या, स्विच बंद करा, हाफ नट मात्र तसाच ठेवा. लाइट आल्यावर जॉबमध्ये रुतलेल्या टूलवर मोटार सुरू झाली तर एचएसएसच्या (हाय स्पीड स्टीलच्या) टूलचं टोक गेलंच म्हणायचं.

हाफ नट उघडला नव्हता तरी दुहेरी आटे आले, तर काहीतरी घसरलंय. चकमध्ये जॉब घसरला का, ते जबड्यांच्या ओरखड्यांवरून कळतं. ते नसेल तर मधल्या जोडगिअरची चावी काढून बघा. दोन गिअर एकत्र फिरवणारी ती छोटी चावी अर्धी कापली गेलेली असते, कधी तिच्या जागी कुणीतरी खिळ्याचा तुकडा घातलेला असतो. हलक्या पासला धरते, भारी पासला सरकते. जोडगिअरच्या दोन्ही भागांवर मार्करने एक सरळ रेघ ओढून एक पास घ्या. रेघ तुटली तर चोर सापडला.

आता ते सैल-घट्ट. नट एका जागी सहज, पुढं घट्ट, परत सहज, असं ठरावीक अंतराने होतं. तुटलेला किंवा कचरा अडकलेला दाता प्रत्येक फेऱ्याला कॅरेजला एक धक्का देतो. धक्का किती आट्यांनी येतो ते मोजा. स्टड चकच्या बरोबरीने फिरत असेल आणि स्टडवर ३०, पुढे ६० असेल, तर ६० च्या गिअरमधला दोष दर दोन आट्यांनी दिसेल, ३० मधला प्रत्येक आट्याला. फाउंड्रीजवळच्या शेडमध्ये बहुतेक वेळा दाता तुटलेला नसतो. ग्रीस आणि बिडाची भुकटी मिळून दात्याच्या तळाशी टणक गोळी झालेली असते. जुन्या हॅक्सॉ ब्लेडच्या टोकाने खरवडली की निघते. उघड्या गिअरला ग्रीस कमीच लावा, शक्यतो थोडं जाड तेल.

गिअर एकमेकांत फार घट्ट बसवले तरी असाच खडबडीतपणा येतो, फक्त तो आट्याच्या बाजूंवर बारीक लाटांसारखा दिसतो. दोन गिअरच्या मध्ये वर्तमानपत्राच्या कागदाची पट्टी घालून गिअर दाबून क्वाड्रंटचा (गिअर धरणाऱ्या पट्ट्याचा) नट आवळायचा, मग चक हाताने फिरवून कागद बाहेर काढायचा. कागद चुरगळून, पण न फाटता आला की फट बरोबर. फाटून आला तर घट्ट.

गिअर, चावी, फट सगळं ठीक असूनही डुलता आटा येत असेल तर लीड स्क्रूची आडवी हालचाल बघा. हाफ नट लावून कॅरेज हाताने पुढे-मागे ढकला. लीड स्क्रू उजवीकडे-डावीकडे सरकत असेल तर टोकाचा कॉलर सैल आहे. थोडी ढिलाई सगळ्याच मशीनला असते आणि नेहमी एकाच दिशेने कापलं तर ती त्रास देत नाही. म्हणून टूल आट्याच्या सुरुवातीच्या दोन-तीन पिच आधीपासून हवेत चालवायचं, म्हणजे जॉबला लागेपर्यंत सगळी ढिलाई एका बाजूला गेलेली असते.

झाकणाच्या आत, पट्टी असो वा नसो, रंगाने तीन गोष्टी लिहून ठेवा: लीड स्क्रूची पिच, स्टडचं गुणोत्तर, आणि आपल्याकडे रोज लागणारे आटे. लीड स्क्रू ४ टीपीआयचा आणि स्टड एकास एक असेल तर एम १२ ला ३५ आणि १२७, एम १६ ला ४० आणि १२७, एम २० ला ५० आणि १२७, एम २४ ला ६० आणि १२७. अर्ध्या व पाऊण इंची बीएसपीला २० आणि ७०, एक इंची व त्यापुढे २० आणि ५५, पाव व तीन-अष्टमांशला २० आणि ९५. पहिला आकडा स्टडवर, दुसरा लीड स्क्रूवर, मध्ये हवा तो आयडलर. मशीन विकायला निघालं तर तो मजकूर पुसू नका. घेणाऱ्याच्या लीड स्क्रूवर तोच लागू पडणार आहे.